गृहपाठ नव्हे, घरचा पाठ

जूनच्या मध्यास शाळेची घंटा वाजते आणि आठवडाभरात रबाळ्याच्या वस्त्यांतून एक परिचित दृश्य पुन्हा दिसू लागते. दिवेलागणीची वेळ असते. घराच्या उंबऱ्यावर सहा-सात वर्षांचे मूल मांडीवर वही घेऊन एकच ओळ दहा वेळा उतरवून काढीत असते. आत आई स्वयंपाकाला लागलेली असते. वडील दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेलेले असतात. 'झालं का लिहून?' एवढा एकच प्रश्न मधूनमधून आतून येतो आणि 'होतंय' एवढेच उत्तर बाहेरून जाते. मूल काय लिहिते आहे हे आईला ठाऊक नसते; पुष्कळदा ते मुलालाही ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी वहीवर बरोबरची खूण होते आणि घर, शाळा व मूल या तिघांच्याही पदरी कर्तव्य पार पाडल्याचे समाधान पडते. या समाधानाचा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

वेळेचा ताळेबंद

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. वर्षाचे एकूण तास ८,७६०. सहा वर्षांचे मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तरी त्याच्या जागेपणाचे ५,११० तास उरतात. म्हणजे शाळेच्या वाट्याला मुलाच्या जागृत आयुष्याचा सहावा हिस्सादेखील येत नाही. उरलेले सारे तास घरात, अंगणात, गल्लीत आणि आता मोबाइलच्या पडद्यासमोर जातात. शिक्षणावरील चर्चा मात्र या सहाव्या हिश्शाभोवतीच फिरत असते. राहिलेल्या पाच हिश्शांत मूल काही शिकतच नाही, किंवा शिकत असलेच तर ते शिक्षण या नावाला पात्र नाही, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. जणू कोठारात धान्य भरलेले असताना घरधनी ओंजळभर उसन्यासाठी शेजारी हिंडावा, तसा हा प्रकार आहे.

रबाळ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी आणि मधे भातशेती. औद्योगिक वसाहत आली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली, २००४ मध्ये ठाण्याहून रेल्वे धावू लागली. आज येथील औद्योगिक क्षेत्रात रसायनांचे व यंत्रांचे कारखाने आहेत, आणि देशभरातील संगणकीय व्यवहारांची माहिती साठविणारी प्रचंड डेटा सेंटरेही आहेत. त्यांच्या आसपासच भीमनगर, आंबेडकरनगर, कातकरीपाडा अशा वस्त्या आहेत. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार व कर्नाटकातून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. कंत्राटी काम, पाळ्यांचे वेळापत्रक आणि एका खोलीचा संसार ही यांतील बहुसंख्य घरांची स्थिती आहे. अशा घराला उद्देशून 'पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे' असा शेरा वहीवर लिहिणे सोपे असते. ते लक्ष कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे द्यावयाचे, याचे उत्तर मात्र त्या शेऱ्यात नसते.

गृहपाठाचे अपयश

लहान मुलांच्या गृहपाठाविषयी शासनाला काही कळत नाही असे नव्हे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच ओझ्याविना शिक्षणाचा पुरस्कार केला होता. केंद्र सरकारच्या दप्तरविषयक धोरणाने २०२० मध्ये दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊच नये, आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला फार तर दोन तासांचा द्यावा, असे म्हटले. लिखित गृहपाठाऐवजी मुलांनी घरी काय पाहिले, काय खाल्ले, काय खेळले हे वर्गात सांगावे, असाही त्या धोरणाचा रोख होता. परंतु धोरणाचा कागद आणि मुलाची वही यांची भेट आपल्याकडे क्वचितच होते. पालकांना वही भरलेली हवी असते. भरलेली वही हीच अभ्यासाची पावती, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. शिक्षकालाही तपासनीसापुढे ठेवण्यास काहीतरी दृश्य पुरावा लागतो. त्यामुळे ज्या गोष्टीवर कोणाचाच फारसा विश्वास नाही, ती सर्वांच्या संमतीने चालू राहते.

याची आर्थिक बाजू अधिक गंभीर आहे. घरी अभ्यास घेण्यास कोणी नसले की तो विकत घ्यावा लागतो. 'असर' या ग्रामीण भागातील पाहणीनुसार, देशात पहिली ते आठवीतील शिकवणी लावणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते. ते २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी खेड्यांची आहे आणि शहरी वस्त्यांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु कल कोणीकडे आहे, हे सांगण्यास ती पुरेशी आहे. मोफत शिक्षणाचा हक्क असलेल्या पहिलीतल्या मुलासाठी कंत्राटी कामगाराने दरमहा शिकवणीचे पैसे मोजावेत आणि त्या बदल्यात तीच ओळ आणखी दहा वेळा लिहून मिळावी, हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात तोट्याचाच ठरेल.

घरात असलेली पाटी

घरात शिकण्याजोगे काय आहे, याचा शोध घेतला तर चित्र एकदम पालटते. भिंतीवरची दिनदर्शिकाच घ्यावी. दूधवाल्याचे खाडे, गॅसची टाकी लागल्याची तारीख, पगाराचा दिवस हे सारे तिच्यावर खुणांनी टिपलेले असते. महिन्याचे दिवस एकतीस, खाडे चार. मग दूध किती दिवस आले? दुसरी-तिसरीच्या मुलासाठी वजाबाकीचे याहून खरे उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. पाणी भरण्याची वेळ घ्यावी. किती कळशांनी पिंप भरते, मोठ्या बादलीत किती तांबे मावतात, याचा आधी अंदाज करावयाचा आणि मग मोजून पाहावयाचे. मापनाचा सारा प्रपंच त्यात सामावला आहे. शेंगा सोलताना दहा-दहाचे ढीग केले की दशक म्हणजे काय ते बोटांना कळते. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठे, माझे-तुझे, जोडीचे-एकटे असे वर्गीकरण होते. बाजारात मासळीचे वाटे लावणारी कोळीण आणि भाजीची पावकिलोची किंमत तोंडी सांगणारी बाई या दोघींचे गणित पक्के असते. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती ती परीक्षेसाठी नव्हे. बाजार आणि व्यवहार त्यावाचून अडत होता म्हणून.

भाषेचेही तसेच आहे. रेल्वे स्थानकाची पाटी, बसचा क्रमांक व तिच्यावरचे गावाचे नाव, किराणा दुकानाचा फलक, बिस्किटाच्या पुड्यावरचे अक्षर हे वस्तीचे वाचनालयच म्हणावयाचे. रस्त्याने जाताना आपल्या नावातले अक्षर कुठे दिसते ते शोधण्याचा खेळ पाच मिनिटांचा असतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. आजीने सांगितलेली खाडीची, मिठागराची किंवा गावाकडच्या दुष्काळाची गोष्ट मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्या शब्दांत सांगितली, तर श्रवण, स्मरण आणि कथन या तिन्ही गोष्टी साधतात. यासाठी आजीला अक्षरओळख असण्याची गरज नाही. गृहपाठात निरक्षर पालक हा अडसर ठरतो. घरच्या पाठात तोच माहीतगार ठरतो. या दोहोंमधला खरा भेद हा आहे.

पूल कोणी बांधावयाचा?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घरात गणित आहे म्हणून मुलाला गणित आपोआप येईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले संख्येने थोडीच होती. परंतु विक्री करताना त्यांनी सुमारे ९८ टक्के हिशेब बिनचूक केले, आणि तशीच गणिते कागदावर नुसत्या अंकांत मांडून दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा, अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांचा सहभाग असलेला मोठा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे. बाजारातील मुलांना शाळेतले गणित जमत नाही, आणि शाळेतील मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर ज्ञान आहे; अभाव आहे तो पुलाचा.

हा पूल घराने बांधावयाचा नसून शाळेने बांधावयाचा आहे. पिंपात बारा कळशा पाणी मावले, हे मुलाने घरी पाहिले. त्या बारा कळशा फळ्यावर अंकात मांडणे, दोन पिंपांना किती लागतील असे विचारणे, एका मुलाच्या घरी बारा आणि दुसऱ्याच्या घरी पंधरा का आल्या याची चर्चा घडविणे हे शिक्षकाचे काम आहे. घरची कृती वर्गात परत आली नाही, तर ती नुसतीच घरकामाची मदत ठरते.

हा विचार परदेशातून आणलेला नाही. रबाळे ज्या ठाणे जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्याच्या तत्कालीन हद्दीत, बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना व पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. बिया, शिंपले, खडे, पाने हे आसपासचे साहित्य शिक्षणाचे साधन झाले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुले घरी राहतात हे ध्यानी घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी त्यांनी उभी केली. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभरच्या सरकारी योजनेचे नाव झाला. शब्द टिकला, त्यामागचा विचार, म्हणजे शाळेने मुलाच्या घराकडे तोंड करून उभे राहावे हा, मात्र पुष्कळ अंशी विसरला गेला.

भाषेच्या बाबतीत हा विसर अधिकच जाणवतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशी संख्यावाचनाची पद्धत २०१९ मध्ये आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरी संख्यानामे अवघड जातात, हे शांतपणे मांडून पाहिले. परंतु चर्चा मराठीच्या अस्मितेवरच अडकली. ज्या मुलाच्या घरी भोजपुरी वा कन्नड बोलली जाते, त्याने एकोणसाठ आणि एकुणसत्तर यांतला भेद कसा लक्षात ठेवावा, हा साधा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. रबाळ्याच्या वर्गात अशी मुले थोडी नाहीत. त्यांनी घरच्या भाषेत मोजलेले बारा आणि वर्गातले बारा हे एकच आहेत, हा दिलासा त्यांना मिळाला तर मराठीचे काहीएक बिघडणार नाही. उलट ती अधिक लवकर आपलीशी वाटेल.

आक्षेप आणि अनुभव

या सर्व विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. शाळेने शिकवावयाचे ते घराच्या गळ्यात घालण्याची ही युक्ती तर नव्हे? आधीच दोन पाळ्यांत भरडल्या जाणाऱ्या आईवर आणखी एक काम लादावयाचे, आणि मूल मागे पडले की दोष तिच्या माथी मारावयाचा, असे होणार नाही कशावरून? मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या तेव्हा हेच घडले होते. शिक्षण घरी आले असे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते फक्त ज्यांच्या घरी स्मार्टफोन, इंटरनेट आणि शिकलेले पालक होते त्यांच्याच घरी आले. त्याची किंमत 'असर'च्या आकड्यांतून दिसते. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर उतरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. सहा वर्षांची धडपड मूळच्या जागी परत येण्यात खर्ची पडली. ती मूळची जागाही काही भूषणावह नव्हती.

म्हणून अनुभव काय सांगतो, हे नीट पाहिले पाहिजे. बिहार व राजस्थानातील खेड्यांत 'प्रथम' या संस्थेने मातांसाठी साक्षरता वर्ग आणि मुलांसोबत घरी करावयाच्या कृतींचे मार्गदर्शन असे दोन उपक्रम चालविले. त्यांचे शास्त्रीय मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या गणितात झालेली वाढ अल्प होती, परंतु ती निश्चित होती. मातांचा मुलांच्या शिक्षणातील सहभागही वाढला. शाळा बंद असताना आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात काही हजार कुटुंबांवर प्रयोग झाला. केवळ लघुसंदेशाने गणिते पाठविली तेव्हा फारसा उपयोग दिसला नाही. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटे साध्या दूरध्वनीवरून शिक्षक बोलले तेव्हा मुले लक्षणीय प्रमाणात सुधारली. महाराष्ट्रातही शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' या मोहिमेत २०२२ साली गावोगावी मातापालकांचे गट जमले आणि मुलांबरोबर घरी करावयाच्या सोप्या कृती त्यांनी अंगीकारल्या.

या अनुभवांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. घरच्या कृती ही शाळेची जागा घेणारी जादू नव्हे. त्यांचा लाभ माफक आहे. आणि तो माफक लाभदेखील नुसते संदेश पाठवून मिळत नाही. कोणीतरी माणूस माणसाशी बोलावा लागतो. व्हॉट्सॲपवर चित्रफीत टाकून कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आईच्या वेळेचा प्रश्न उरतोच. वेळ हे गरिबाचे सर्वांत दुर्मिळ भांडवल आहे. म्हणूनच घरचा पाठ वेगळा वेळ मागणारा नसावा. जे काम घरात होणारच आहे, त्यातच बोलण्याची भर घालणारा असावा. तो एकट्या आईचाही नसावा. पहिल्या पाळीहून परतलेला बाप बाजारातून येताना मुलाला सुटे पैसे मोजावयास देऊ शकतो. थोरली बहीण, आजोबा, शेजारचा महाविद्यालयीन विद्यार्थी यांनाही त्यात वाटा आहे. आणि एक सीमारेषा ठळकपणे आखली पाहिजे. दहा मिनिटे शेंगा सोलत गप्पा मारणे हे शिक्षण. पण धाकट्याला सांभाळण्यासाठी मुलीला शाळेतून घरी ठेवणे हे शोषण. घरकामाच्या नावाखाली मुलींचे बालपण पुन्हा चुलीपाशी बांधले जाणार असेल, तर असला घरचा पाठ न दिलेलाच बरा.

काय करता येईल?

रबाळ्यापुरते बोलावयाचे तर मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळांनी पहिली-दुसरीचा लिखित गृहपाठ बंद करून आठवड्याला एकच कृती तोंडी सांगावी. तिला काही विकत घ्यावे लागू नये, अक्षरओळखीची अट असू नये आणि तिचे फलित मुलाने वर्गात बोलून सांगावे. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली गोष्टींची पुस्तके शनिवारी मुलांच्या हाती घरी जावीत. एखादे फाटले तर दंड आकारू नये, कारण फाटलेले पुस्तक निदान उघडले गेलेले असते. पालकसभा सकाळी अकराला शाळेत न घेता रविवारी वस्तीच्या समाजमंदिरात घ्यावी. रोज बुडवून येणाऱ्या मजुराकडून उपस्थितीची अपेक्षा करणे हा त्याच्यावरचा अदृश्य करच आहे. त्याच समाजमंदिरात संध्याकाळी दोन तास दिवा, पंखा आणि चटई एवढी सोय महापालिकेने करावी. एका खोलीच्या घरात मुलाला बसावयास कोपरा नसतो, ही अडचण उपदेशाने सुटणारी नाही. परिसरातील उद्योगांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करावयाचा असेल, तर त्यासाठी याहून जवळची जागा नाही.

हे सारे ज्याच्या बळावर चालावयाचे, त्या शिक्षकाला मोकळा वेळ हवा. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली आहे. तरीही माहिती भरण्याचे, अहवाल पाठविण्याचे आणि छायाचित्रे चढविण्याचे ओझे वाढतच आहे. घरच्या पाठाचाही उद्या एखादा तक्ता भरून मागितला गेला, तर तो त्याच दिवशी गृहपाठ होऊन बसेल.

तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे व मूलभूत गणित यावे, असे 'निपुण भारत' अभियानाने २०२१ साली ठरविले आणि २०२६-२७ ही त्याची मुदत ठेवली. मुदती पाळण्यापेक्षा पुढे ढकलण्याचाच आपल्याला सराव आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाचे सातवे वर्ष पुढे ढकलता येत नाही. त्याच्या जागेपणाच्या सहा तासांपैकी पाच तास घराकडे आहेत, आणि त्या घरात मोजण्यासारखे, सांगण्यासारखे, विचारण्यासारखे पुष्कळ आहे. उंबऱ्यावर बसलेल्या मुलाला आईने 'झालं का लिहून?' असे न विचारता 'आज पिंपात किती कळशा मावल्या रे?' असे विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याचे उत्तर वर्गात ऐकून घ्यावे. एवढी सुधारणा घडविण्यास नवे अनुदान लागत नाही. घराला अडाणी न समजण्याची शाळेची तयारी मात्र लागते, आणि आजवर उणीव भासली आहे ती नेमकी तिचीच.